पायथन ३.१४ चा बीटा १ आलाय, आपापला कोड लावून बघा

ओसरीवरचा | ८ मे २०२५, रात्री १०:४०

मंडळी, काल पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१४ व्हर्जनचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं व्हर्जन, आला. मी आजच लॅपटॉपवर टाकलाय, वेगळ्या फोल्डरमध्ये, रोजच्या ३.१३ ला हात न लावता. तुम्हीही टाका आणि नुसतं व्हर्जन बघून बंद करू नका, आपला खरा, रोज चालणारा कोड त्यावर चालवा, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीटा १ म्हणजे फीचर फ्रीझ. आता यात नवीन काही येणं जवळपास बंद, फक्त चुका दुरुस्त करायच्या. अजून तीन बीटा येतील, २२ जुलैला पहिली रिलीज कँडिडेट (फायनलच्या आधीची जवळपास पक्की आवृत्ती) आणि ७ ऑक्टोबरला फायनल असं वेळापत्रक आहे. म्हणजे काही मोडत असेल तर ओरडायची वेळ आत्ता आहे. ऑक्टोबरात सगळे अपग्रेड करणार आणि मग नोव्हेंबरात "अरे हे का चालत नाही" म्हणून विचारणार, दरवर्षी हेच होतं.

मला स्वतःला आवडलेल्या गोष्टी: टी-स्ट्रिंग (मजकुरात बाहेरची माहिती सुरक्षितपणे घालायची नवी सोय), टाइप हिंटमध्ये (व्हेरिएबलचा प्रकार लिहून ठेवतात त्यात) पुढे येणाऱ्या क्लासचं नाव आता अवतरणात टाकावं लागत नाही, झेड-स्टँडर्ड कॉम्प्रेशन (फाइल दाबून लहान करायची पद्धत) थेट स्टँडर्ड लायब्ररीत आलंय (माझा सगळा जुना मजकूर त्याच फॉरमॅटमध्ये दाबून ठेवलेला आहे, त्यामुळे एक बाहेरचं पॅकेज कमी झालं), आणि प्रॉम्प्टवर टाइप करतानाच कोड रंगीत दिसतो. हे शेवटचं किरकोळ वाटेल पण दिवसभर त्या काळ्या खिडकीत बसणाऱ्याला विचारा.

मी काय चालवणार आहे ते पण सांगतो. जुन्या मराठी मासिकांची पानं स्कॅन करून टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) त्यातला मजकूर काढायचा आणि मग शब्दयादीशी ताडून चुका शोधायच्या, हा माझा तीन वर्षांपासूनचा उद्योग आहे. उद्या तो अख्खा या बीटावर लावतो.

मेघमल्हार_२२ | ८ मे, रात्री ११:१५

वा, धागा आला ते बरं झालं. माझं सगळं लक्ष टी-स्ट्रिंगवर आहे. आमच्याकडे वेबचं काम, आणि एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या मध्येच व्हेरिएबल घालायची पायथनची जुनी सोय) सरळ युजरने दिलेलं नाव घालून डेटाबेसची क्वेरी बनवणारा कोड मी इतक्या वेळा रिव्ह्यूत परत पाठवलाय की आता मोजत नाही.

ज्यांना फरक कळला नसेल त्यांच्यासाठी. एफ-स्ट्रिंग म्हणजे कालवलेला भात, एकदा कालवला की वरण कुठलं आणि भात कुठला ते वेगळं काढता येत नाही. टी-स्ट्रिंगमध्ये ताट वाढलेलं असतं, भात वेगळा, वरण वेगळं. म्हणजे तुम्ही अवतरणाआधी एफ ऐवजी टी लिहिलंत की हातात स्ट्रिंग येतच नाही, टेम्प्लेट नावाचा ऑब्जेक्ट येतो. त्यात तुम्ही लिहिलेला ठरलेला मजकूर एका बाजूला आणि बाहेरून आलेल्या किमती, म्हणजे व्हॅल्यू, दुसऱ्या बाजूला. मग तो एचटीएमएलवाल्या फंक्शनला द्या, ते फक्त बाहेरून आलेला भाग साफ करून घेईल. डेटाबेसवाल्याला द्या, तो किमती पॅरामीटर म्हणून पाठवेल. लिहिणाऱ्याला एफ-स्ट्रिंगइतकंच सोपं आणि तरी सुरक्षित, हे आजवर एकत्र मिळत नव्हतं.

अर्थात समोरच्या लायब्ररीने टेम्प्लेट घ्यायला शिकलं पाहिजे, नाहीतर नुसतं टी लिहून काहीच होत नाही. म्हणून लायब्ररीवाल्यांनी बीटा आत्ताच हातात घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

लातूरची_लेक | ९ मे, सकाळी ८:०५

ताई तुम्ही ताटाचं उदाहरण दिलं ते लगेच समजलं, थँक्यू 🙏

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट पायथनमध्येच आहे. काल रात्री उत्साहात बीटा टाकला विंडोजवर आणि पांडाज (डेटा हाताळायचं पॅकेज) इन्स्टॉल करायला गेले तर लाल अक्षरांची दोन पानं आली, शेवटी सी कंपायलर सापडत नाही असं काहीतरी. माझं काय चुकलं? सबमिशन २० तारखेला आहे, थोडी घाबरले आहे.

मेघमल्हार_२२ | ९ मे, सकाळी ८:३०

तुझं काहीच चुकलं नाही गं. पांडाज, नमपाय अशा पॅकेजमध्ये सी भाषेतला बराच कोड असतो, तो प्रत्येक पायथन व्हर्जनसाठी आधीच कंपाइल करून ठेवलेला असतो, त्याला व्हील म्हणतात. बीटासाठी बऱ्याच पॅकेजची व्हील अजून बनलेली नसतात, मग पिप (पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम) तुझ्याच मशीनवर कंपाइल करायला बघतो आणि तुझ्याकडे कंपायलर नाही. एवढंच आहे ते. बीटाच्या काळात आतली रचना थोडी हलत असते, साधारण रिलीज कँडिडेट आली की मग मंडळी व्हील बनवायला घेतात.

प्रोजेक्ट ३.१३ वरच ठेव. बीटा काढायची गरज नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात, प्रोजेक्टचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्याच्यापुरता वेगळा पायथनचा फोल्डर) मात्र ३.१३ नेच बनव. सबमिशन झालं की मग बीटावर खेळ.

जुनं_खोड | ९ मे, दुपारी १:२०

मी पायथन दोनच्या काळापासून आहे. २००८ च्या डिसेंबरात ३.० आलं आणि १ जानेवारी २०२० ला दोनचा कारभार संपला, मधली अकरा वर्षं आम्ही दोन्हीकडे पाय ठेवून काढली. त्यामुळे नवीन व्हर्जन आलं की मी आधी काय मोडलं ते बघतो, काय नवीन आलं ते नंतर.

या बीटात एक बदल आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाहीये. एक्सेप्टच्या (एरर पकडायची ओळ) पुढे दोन-तीन एरर लिहायच्या असतील तर आता कंस लागत नाहीत, नुसता स्वल्पविराम देऊन लिहिता येतं (अ‍ॅज वापरलं तर मात्र कंस हवेतच). दिसायला छान आहे, टाइप करायला कमी आहे. पण पायथन दोनमध्ये एक्सेप्ट, मग व्हॅल्यू एरर, स्वल्पविराम आणि ई असं लिहिलं की त्याचा अर्थ होता "ती एरर पकड आणि ई नावात ठेव". पायथन तीनमध्ये हे लिहिलं की लगेच सिंटॅक्स एरर यायची, फाइल चालायचीच नाही, त्यामुळे जुना कोड पहिल्याच मिनिटाला सापडायचा. आता ३.१४ मध्ये तीच ओळ व्याकरणाने बरोबर ठरते, तिचा अर्थ "व्हॅल्यू एरर किंवा ई नावाची एरर पकड" असा होतो आणि ई तर कुठेच नाही. मग प्रोग्रॅम निमूट चालत राहतो आणि ज्या दिवशी खरंच एरर येईल त्या दिवशी भलतीच नेम एरर तोंडावर येते.

मी काल आमच्या जुन्या स्क्रिप्टांमधून ग्रेप मारून (मजकूर शोधायची कमांड) बघितलं, दोन ठिकाणी सापडलं. दोन्ही कुणी न उघडलेल्या फायली, पण वर्षातून एकदा मार्च अखेरीला त्या चालतात. तेव्हा ज्यांच्याकडे असा जुना वारसा आहे त्यांनी आधी हे शोधा.

ओसरीवरचा | ९ मे, दुपारी २:१०

खोडकाका, हे माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडेही बघतो.

सुरंगी | १० मे, सकाळी ११:००

मी गोव्यात शाळेत मुलांना पायथन शिकवते, आठवी-नववी. माझ्या मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट एरर मेसेजची. व्हाइल लिहिताना एक एल जास्त पडला तर आधी नुसतं "इनव्हॅलिड सिंटॅक्स" यायचं आणि मुलगा माझ्याकडे बघत बसायचा. आता ते विचारतं की तुम्हाला व्हाइल म्हणायचं होतं का. इंग्रजी ज्यांची पक्की नाही त्यांना हे केवढं आहे ते वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

एक विचारायचं होतं. मुलांना मी व्हेरिएबलची नावं मराठीत देऊ देते, नाव, वय, गुण असं. ते चालतं. पण गेल्या महिन्यात एका मुलाने "दुसऱ्या" वापरून नाव लिहिलं आणि एरर आली, आणि शेजारच्या मुलीचं अगदी तेच नाव चाललं! दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून बघितल्या, एका अक्षराचा फरक नाही. हे ३.१४ मध्ये सुधारलंय का?

ओसरीवरचा | १० मे, दुपारी १२:४५

सुरंगीताई, हा माझ्या रोजच्या जेवणातला खडा आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

"ऱ्या" मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे युनिकोडमध्ये नुक्ता असलेला वेगळा ऱ आहे, तो, मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण पायथन नावामध्ये ते न दिसणारं अक्षर चालवून घेत नाही, तिथे "न छापता येणारं अक्षर आहे" अशी एरर येते. त्या मुलाचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे टाइप करत असणार.

३.१४ मध्ये यात काही बदललेलं नाही. युनिकोडचा तक्ता १६ व्या आवृत्तीचा झालाय, पण हा नियम तोच आहे. आणि एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं करायची युनिकोडची पद्धत) लावलं तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत, तुलना केली की फॉल्सच येणार. मी माझ्या शब्दयादीत वाचतानाच दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करून घेतो, त्याशिवाय एकच शब्द दोनदा मोजला जातो.

तसंच अजून एक, रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे शब्दातलं अक्षर ओळखणारी खूण. "मराठी" या शब्दावर तो लावून बघा, "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे मिळतील. कारण काना आणि वेलांटी ही त्याच्या लेखी अक्षरंच नाहीत, तो फक्त अक्षर आणि अंक धरतो आणि मात्रा आल्या की शब्द संपला समजतो. हेही ३.१४ मध्ये तसंच आहे, मी काल तपासलं. रेजेक्स नावाचं बाहेरचं पॅकेज मात्र हे बरोबर करतं, मराठीचं काम करणाऱ्याने तेच वापरावं.

चांगली गोष्ट सांगायची तर इंट या फंक्शनला "१२३" असे देवनागरी अंक दिले तरी तो एकशेतेवीस देतो. मुलांना दाखवा, आवडेल त्यांना.

सुरंगी | १० मे, दुपारी १:३०

कित्येक दिवसांचं कोडं सुटलं. सोमवारी त्या मुलाला आधी सांगते की त्याची चूक नव्हती.

ओसरीवरचा | १४ मे, रात्री १२:२०

मंडळी, लावलं. आणि मोडलं. पूर्ण सांगतो कारण दोन रात्री गेल्यात आणि ही गोष्ट तुमच्यापैकी कुणाच्या तरी वाट्याला नक्की येणार आहे.

माझी स्क्रिप्ट अशी आहे: सुरुवातीला शब्दयादी एका ग्लोबल डिक्शनरीत भरते, मग मल्टिप्रोसेसिंगचा (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवायची सोय) पूल काढून आठ प्रोसेस सुरू करते, प्रत्येक प्रोसेस एकेक पान घेते आणि त्यातले शब्द यादीत आहेत का बघते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची मासिकं असल्यामुळे "नाहीं", "कांहीं", "घरांत" असे अनुस्वारवाले शब्दही यादीत घातलेत. साधारण पानावर दहा-पंधरा शब्द चुकीचे निघतात, तेवढे मी डोळ्याने बघतो.

बीटावर चालवली, एरर नाही, वॉर्निंग नाही, सुरळीत संपली. रिपोर्ट उघडला तर पानावरचा प्रत्येक शब्द चूक. "आणि" चूक, "तो" चूक, "घर" चूक. मला वाटलं युनिकोडचा तक्ता बदलला त्यात काही झालं, म्हणून पहिली रात्र मी नॉर्मलायझेशन तपासत बसलो, एकेक अक्षराचा कोड छापून बघितला. सगळं बरोबर. दुसऱ्या रात्री कंटाळून प्रोसेसच्या आतून डिक्शनरीची लांबी छापली तर शून्य!

मग कळलं. लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंग आजवर फोर्क करायचं, म्हणजे मूळ प्रोसेसची हुबेहूब प्रत, त्यामुळे भरलेली डिक्शनरी मुलांकडे, म्हणजे तिच्यातून निघालेल्या प्रोसेसकडे, आपोआप जायची. ३.१४ पासून डिफॉल्ट पद्धत फोर्कसर्व्हर झालीय. मुलं एका कोऱ्या प्रोसेसमधून निघतात, फाइल परत इम्पोर्ट करतात, आणि माझी यादी मेन ब्लॉकच्या आत भरलेली असल्यामुळे त्यांना ती मिळतच नाही. रिकामी डिक्शनरी, म्हणून सगळे शब्द चूक. एरर आली असती तर दहा मिनिटांत सापडलं असतं.

दुरुस्ती चार ओळींची: पूल बनवताना इनिशियलायझर नावाचं फंक्शन द्यायचं, ते प्रत्येक मुलात एकदा चालतं, त्यात यादी भरायची. आता ३.१३ आणि ३.१४ दोन्हीवर सारखेच निकाल येतात.

पाटाचं_पाणी | १४ मे, सकाळी ७:५०

दादा हा बग नाही, रिलीजच्या बदलांच्या यादीत लिहिलेलं आहे. पण तुमचं खरंय, यादीत वाचणं वेगळं आणि रिपोर्टात "आणि" चूक दिसणं वेगळं. हा बदल मुद्दाम केलाय कारण प्रोग्रॅममध्ये थ्रेड (एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) चालू असताना फोर्क केलं की मुलगा कधीकधी कुलूप लागलेल्या अवस्थेतच जन्माला येतो आणि कायमचा अडकून बसतो. हे मी स्वतः भोगलंय, सर्व्हरवर रात्री तीनला अडकलेली प्रोसेस, लॉगमध्ये काही नाही. मॅकवर तर फोर्क डिफॉल्ट राहणं बऱ्याच वर्षांपूर्वीच बंद झालं आणि विंडोजवर कधी नव्हतंच, म्हणून ज्यांचा कोड तिथे चालतो त्यांना फरक जाणवणार नाही.

अगदीच घाई असेल तर मल्टिप्रोसेसिंगचा कॉन्टेक्स्ट मागताना फोर्क असं स्पष्ट सांगता येतं, जुनी पद्धत परत मिळते. पण तुम्ही केलंत तेच बरोबर.

जुनं_खोड | १४ मे, सकाळी ९:१०

एरर न येता निकाल चुकणं यासारखी वाईट गोष्ट नाही. ओसरीवरचा, तुमच्या मजकुरातले शब्द तुम्हाला पाठ आहेत म्हणून दिसलं. हेच आकडे असते तर पुढे गेले असते.

अजून एक तपासा सगळ्यांनी: असिंकआयओ (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं आळीपाळीने चालवणारी लायब्ररी) वापरत असाल आणि चालू लूप नसताना गेट इव्हेंट लूप बोलावत असाल तर आधी तो गुपचूप नवीन लूप करून द्यायचा, आता रनटाइम एरर येते. ही निदान ओरडते तरी.

लातूरची_लेक | २३ मे, संध्याकाळी ६:४०

सबमिशन झालं! ३.१३ वरच. एक्झामिनर सरांनी चांगलं म्हटलं 😊 आमच्याकडे मे महिन्यातच पाऊस चालू झालाय, दिवसभर लाइट ये-जा करते, पण लॅपटॉपवर बीटा घेऊन बसले आहे. लिनक्स टाकलंय शेजारी. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवलं तर बिन फोल्डरमध्ये पायथनच्या शेजारी एक फाइल दिसली, तिचं नाव पाय या ग्रीक अक्षराने सुरू होतं! ३.१४ म्हणून! मी भावाला बोलावून दाखवलं.

आता मेघमल्हार ताईंनी सांगितलेलं टी-स्ट्रिंग वापरून छोटं एचटीएमएल साफ करणारं फंक्शन लिहायचा प्रयत्न करते आहे.

मेघमल्हार_२२ | २३ मे, संध्याकाळी ७:०५

अभिनंदन! झालं की इथे टाक, मी बघते. एकच लक्षात ठेव, टेम्प्लेटवर फिरलीस की कधी साधी स्ट्रिंग येते आणि कधी इंटरपोलेशन (बाहेरून आलेला भाग), दोन्हीला वेगळं वागवायचं. साफ फक्त दुसऱ्याला करायचं.

पाटाचं_पाणी | १८ जून, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. काल बीटा ३ आला आणि त्याच्याच सुमारास पेप ७७९ (पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) मंजूर झालं, म्हणजे जीआयएल नसलेलं पायथन आता अधिकृतपणे सपोर्टेड. डिफॉल्ट नाही, वेगळं बिल्ड आहे, पण "प्रयोग" हा शिक्का निघाला. मला याचा फार आनंद झालाय.

नव्या लोकांसाठी, जीआयएल म्हणजे इंटरप्रिटरला असलेलं एकच मोठं कुलूप. थ्रेड कितीही काढा, एका वेळी एकालाच पायथन कोड चालवायला मिळतो. सॅम ग्रॉसने ते काढून दाखवलं, ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून आलं, पण तेव्हा एका थ्रेडवरचा साधा कोड साधारण ४० टक्के हळू पडायचा. ३.१४ मध्ये तो तोटा ५ ते १० टक्क्यांवर आलाय. एका वर्षात हे झालंय.

मी लॅपटॉपवर शब्दांची वारंवारता मोजणारा साधा प्रोग्रॅम आठ थ्रेडवर चालवला. सिस्टिम मॉनिटर उघडून बसलो होतो, आजवर त्यात एकच रेघ वर जायची आणि बाकी सात जमिनीला टेकलेल्या असायच्या. आज आठही वर गेल्या. पंधरा वर्षं पायथन लिहितोय, हे पहिल्यांदा बघितलं.

पण सांभाळा, एखादी सी-वाली लायब्ररी इम्पोर्ट केली आणि तिने आपण तयार आहोत असं जाहीर केलेलं नसेल तर पायथन वॉर्निंग देऊन जीआयएल परत चालू करतं. मी ती वॉर्निंग बघितलीच नाही आणि अर्धा तास "वेग का वाढत नाही" म्हणून बघत होतो.

ओसरीवरचा | १८ जून, रात्री १०:१५

मग माझी शब्दयादी आठ प्रतींऐवजी एकच ठेवून थ्रेडवर काम होईल की! आठ वेळा तीच यादी मेमरीत भरणं मला पहिल्यापासून खुपत होतं.

पाटाचं_पाणी | १८ जून, रात्री १०:२२

होईल. यादी फक्त वाचताय, त्यात लिहीत नाही, त्यामुळे कुलपाचीही भानगड नाही. निकाल मात्र प्रत्येक थ्रेडचे वेगळे ठेवा आणि शेवटी एकत्र करा.

मेघमल्हार_२२ | १९ जून, सकाळी ९:००

वेगाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, कारण बऱ्याच जागी अजून जुना आकडा फिरतोय. टेल-कॉल नावाच्या वेगळ्या पद्धतीने बांधलेल्या नव्या इंटरप्रिटरमुळे (कोड चालवणारा भाग) ९ ते १५ टक्के वेग वाढला असं सुरुवातीला आलं होतं. नंतर लक्षात आलं की ज्याच्याशी तुलना केली तो जुना इंटरप्रिटर क्लँग १९ या कंपायलरमधल्या एका दोषामुळे हळू कंपाइल होत होता. टीमने स्वतः आकडा दुरुस्त करून ३ ते ५ टक्के केला. मला त्यांचं हे फार भावलं, आपल्याच कामाचा आकडा खाली आणून सगळ्यांसमोर लिहायचा.

लातूरची_लेक | २ जुलै, रात्री ८:५०

ताई फंक्शन झालं, खाली पेस्ट केलंय. एक टेस्ट पडत होती, नावात ॲम्परसँड असेल तर दोनदा साफ होत होतं. कारण मी आधीच साफ केलेला टेम्प्लेट दुसऱ्या टेम्प्लेटच्या आत टाकत होते. आता आत टेम्प्लेट आला तर तो वेगळा ओळखते.

मेघमल्हार_२२ | २ जुलै, रात्री ९:४०

वाचलं. एकदम नीट आहे, नेस्टेड टेम्प्लेटचं तर मी तुला सांगितलंही नव्हतं. फक्त किंमत रिकामी असेल तेव्हाची एक टेस्ट घाल.

ओसरीवरचा | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:०५

परवा ७ तारखेला फायनल आली, ठरल्या दिवशी. आज सगळं तिच्यावर हलवलं. मल्टिप्रोसेसिंग काढून थ्रेड केले, यादी मेमरीत एकच, आणि जीआयएल खरंच बंद आहे का हे सुरुवातीलाच तपासून घेतो, नसेल तर स्क्रिप्ट थांबते. "आणि", "तो", "घर" हे तीन शब्द टेस्टमध्ये कायमचे घातलेत, त्यातला एक जरी चूक निघाला तरी पुढे जायचं नाही.

१९५० सालचे बारा अंक आत्ता लावलेत. सहाव्यापर्यंत आलंय.